तारखेशिवाय वेळ

आरोग्य खात्यात नोकरीला लागलो तेव्हा माझं काम बर्फाच्या डब्यांचं होतं. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. वर्ध्याहून लस निघायची, जाड झाकणाच्या डब्यात बर्फाच्या थरांमध्ये ठेवलेली, आणि एसटीनं नाहीतर जीपनं आष्टीला, तळेगावला, हिंगणीकडं जायची. डबा किती वाजता निघाला आणि किती वाजता पोचला हे एका लांबट वहीत लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात मधला वेळ काढून ठेवायचा. फार वेळ लागला असला तर ती लस वापरायची की फेकायची हे डॉक्टर ठरवत. मी फक्त वजाबाकी करायचो.

वेळेची वजाबाकी बऱ्याच लोकांना जमत नाही. हातचा साठाचा घ्यायचा असतो, लोक सवयीनं शंभराचा घेतात. पावणेअकराला निघालेला डबा सव्वादोनला पोचला तर किती वेळ झाला, हे आमच्या ऑफिसातले जुने बाबूसुद्धा मला विचारायचे. मला ते तोंडी यायचं. पुढं दहा-बारा वर्षांनी मला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं ते याच गुणामुळं, असं मी बरीच वर्षं घरी सांगत होतो. खरं कारण असं की इंग्रजी टायपिंग येणारा आणि नाही म्हणू न शकणारा दुसरा माणूस तेव्हा ऑफिसात नव्हता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूरला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग झालं. मी अडतीस वर्षांचा, बाकीचे सगळे नुकते कॉलेजातून निघालेले. परत आलो तर एका जुन्या स्टोअररूमला रंग देऊन, खिडक्या बुजवून, त्यात एसी लावलेला. जिल्ह्यात मे महिन्यात माणसं ओल्या पंच्यानं डोकं झाकून फिरायची आणि ते यंत्र थंडीत बसायचं. दाराशी चपला काढून आत जायचं. संध्याकाळी बाहेर पडलो की उन्हाची झळ एकदम तोंडावर यायची आणि डोकं ठणकायला लागायचं. ते ठणकणं पुढं कायमचंच झालं.

नागपूरहून दर आठवड्याला एक इंजिनिअर यायचा. पंचविशीचा, पातळ मिशीचा, हुशार. दुपारच्या गाडीनं परत जायची त्याला घाई असायची. त्यानं मला शेल शिकवला. शेल म्हणजे काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आपण एकेक हुकूम लिहायचा आणि यंत्रानं तो ऐकायचा. तेच हुकूम एका फायलीत एकाखाली एक लिहून ठेवले की झाली स्क्रिप्ट. मग पुन्हा पुन्हा लिहावं लागत नाही. कंटाळलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

त्याच वर्षी आमच्याकडं नव्या मॅडम आल्या. डॉक्टर होत्या, पुण्याकडच्या. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात त्यांच्यासमोर दोन बाळंतिणी उशिरा पोचल्या म्हणून दगावल्या. मग त्या भेटेल त्याला एकच विचारायला लागल्या, की निरोप मिळाल्यापासून बाई दवाखान्यात पोचेपर्यंत किती वेळ लागतो. सगळे सांगायचे, दोन-अडीच तास. गाव कुठलंही असो, पाऊस असो की ऊन असो, उत्तर दोन-अडीच तास. शेवटी त्यांनी प्रत्येक आरोग्य केंद्राकडून जीपची वही मागवली. मागच्या दोन वर्षांची. जीपच्या वहीत निरोप किती वाजता मिळाला आणि बाई दवाखान्यात किती वाजता पोचली, हे दोन रकाने असायचे.

वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. काहींना तेलाचे डाग, काहींची पानं भिजून सुजलेली. अक्षर ड्रायव्हरांचं. मॅडम म्हणाल्या, "सरासरी नको मला. एकेक बाई वेगळी दाखवा."

रोज पन्नास-साठ ओळी टाइप व्हायच्या. मधे लाईट जायची. गेली की न साठवलेलं सगळं जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या आठवड्यात मी ठरवलं की तारीख टाकायची नाही. वहीत तारीख बहुतेक पानाच्या डोक्यावर एकदाच असायची, खाली नुसत्या "सदर" म्हणून खुणा. ती शोधायची, लावायची आणि प्रत्येक ओळीला सहा आकडे जास्त टाइप करायचे, तेही दोनदा. इंजिनिअरनं एकदा माझ्या फायलीवर नजर टाकून विचारलं होतं, की तारीख नको का. मी म्हटलं, बाईला दवाखान्यात न्यायचं आहे, काशीला नाही, त्यात दिवस कुठून लागतील. तो हसला आणि गाडीला गेला. हे वाक्य माझंच होतं हे मला नीट आठवतं.

मग स्क्रिप्ट. कागदावर सोपी होती. वेळ चोवीस ताशी, चार आकडी. पहिले दोन आकडे तोडायचे, साठनं गुणायचे, उरलेले दोन मिळवायचे. झाली मिनिटं. दोन्ही वेळांचं असं करायचं आणि दुसऱ्यातून पहिली वजा करायची. मला जे तोंडी यायचं ते यंत्राला सांगायला मात्र मला चार दिवस लागले. आकडे आणि अधिक-वजाची खूण यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली नाही तर ते बेरीज करायचं नाही, मी लिहिलेलंच मला परत छापून दाखवायचं. गुणाकाराला चांदणीची खूण होती, पण शेलच्या भाषेत चांदणीचा अर्थ "इथल्या सगळ्या फायली" असा होतो. त्यामुळं साठनं गुण म्हटलं की ते माझ्या फायलींची नावं गोळा करून आणायचं आणि वर मलाच चूक दाखवायचं. चांदणीच्या आधी एक तिरपी रेघ द्यायची असते, एवढं कळायला मला पुढच्या आठवड्यात इंजिनिअर येईपर्यंत थांबावं लागलं.

पहिल्यांदा ती नीट चालली तेव्हा पडद्यावर आकडे हळूहळू, एकेक करून यायला लागले. एका ओळीला दोन-तीन सेकंद. मी चहा पिऊन आलो तरी चालूच. आणि मधेच एक आकडा उणे आला. उणे तेराशे की काहीतरी. मग आणखी एक. जी बाई रात्री अकराला निघून एकला पोचली ती यंत्राच्या हिशेबानं निघायच्या आधीच पोचली होती. बारानंतर घड्याळ शून्यावर येतं हे त्याला कोण सांगणार. मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, की उत्तर शून्याच्या खाली गेलं तर त्यात चौदाशे चाळीस मिळव. दिवसाची मिनिटं. उणे आकडे नाहीसे झाले. मला बरं वाटलं. फार दिवसांनी काहीतरी आपल्या हातानं जमलं असं वाटलं, आणि त्या दिवशी घरी जाताना मी बायकोसाठी सीताफळं घेतली.

कागद छापले गेले. मॅडमनी ते दोन दिवस वाचले, लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. दोन-अडीच तास कुठंच नव्हते. चार तास, पाच तास, सात तास; तास-दोन तासांच्या ओळी अगदी मोजक्या. त्यांचा चेहरा उतरला. मला मात्र काम झाल्याचं समाधान होतं.

पोळ्यानंतरच्या महिन्यात सगळ्या केंद्रांची बैठक झाली. डॉक्टर, कंपाउंडर, उपकेंद्रांच्या नर्स. मला कागद घेऊन कोपऱ्यात बसवलं होतं. मॅडमनी कोणाला रागावलं नाही. आधी चांगलं सांगायचं अशी त्यांची पद्धत होती. त्यांनी हिंगणीच्या पुढं, बोर धरणाच्या रानाकडच्या एका गावाचं नाव घेतलं. मागच्या वर्षीच्या श्रावणात, भर पावसात, तिथली एक बाई दीड तासात दवाखान्यात पोचली होती. पंधरा पन्नासला निरोप, सतरा वीसला पोच. त्या रस्त्यानं उन्हाळ्यातसुद्धा दोन तास लागतात. त्यांनी विचारलं, की तिथली नर्स कोण आहे, तिनं उभं राहून हे कसं केलं ते सगळ्यांना सांगावं.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. पन्नाशीच्या पुढची, काळीसावळी, पांढऱ्या लुगड्याचा पदर खांद्यावरून घेतलेला. तिला आम्ही ओळखायचो. फार वर्षं त्याच रानात होती, बदली कधी मागितली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली,

"मॅडम, हे दीड तास नाई. त्या बाईले एक दिस आन् वर दीड तास लागले. मी संगं होती."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदावर बोट ठेवलं, ओळ वाचली, पुन्हा वाचली. पंधरा पन्नास आणि सतरा वीस. वजाबाकी बरोबर होती. उणे आलं नव्हतं, म्हणून मी वाढवलेली ओळसुद्धा तिला लागली नव्हती. घड्याळाचा काटा पूर्ण एक फेरा मारून आला होता आणि माझ्या फायलीत तो फेरा मोजायला काहीच नव्हतं.

मी उभा राहिलो आणि सांगितलं, की तारखा मी टाकलेल्या नाहीत. एवढंच सांगितलं. का टाकल्या नाहीत हे कोणी विचारलं नाही. मॅडम म्हणाल्या, बसा. नर्सलाही म्हणाल्या, बसा. आणि पुढच्या गावाकडं वळल्या. पण लाल पेन्सिल त्यांनी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

बैठक संपल्यावर मी त्या नर्सला गाठलं. माफी मागायची होती, पण तसं थेट जमेना, म्हणून चहाला चला म्हटलं. ऑफिसच्या मागं टपरी होती. ती बाकावर टेकली, चपला काढून पाय वर घेतले आणि चहा हातात घेतला. मग आपणहून सांगायला लागली.

पहिलटकरीण होती. रानातलं कुटुंब, घरात आपली वेगळी भाषा बोलणारं, नवरा जंगलखात्याच्या कामावर रोजीनं जाणारा. दुपारी बाई अडली तेव्हा नर्सनं सायकलवर माणूस धाडला. निरोप पोचला तो पंधरा पन्नासला. पण जीप दुसऱ्या टोकाला गेलेली. ती दिवस मावळता नाल्याच्या पलीकडं येऊन उभी राहिली, तोवर नाल्याला पूर आलेला. पाणी ओसरेल म्हणून वाट पाहिली. पलीकडं ड्रायव्हर, अलीकडं ही दोघं-तिघं, आणि बाई शाळेच्या पडवीत बाजेवर. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी कमरेएवढं झालं तेव्हा चौघांनी बाज खांद्यावर घेतली आणि नाला ओलांडला. पुढं जीपचं चाक पंक्चर झालं. दवाखान्यात बाई वाचली. मूल आतच गेलं होतं.

"मी ड्रायव्हरले म्हटलंतं, दोन्ही तारखा लिही," ती म्हणाली. "त्यानं लिहिल्या. वहीत हायेत."

मी म्हटलं, "चुकलं माझं, सिस्टर."

तिनं कप खाली ठेवला. "तुमच्यावर राग नाई मले, बाबूजी. पर टाळ्या वाजल्या ना, ते काई सोसलं नाई."

दुसऱ्या दिवशी मी वह्या पुन्हा कपाटातून काढल्या. मॅडमनी वेगळा हुकूम दिला नव्हता, पण दुपारी येऊन वह्या पाहून गेल्या. प्रत्येक ओळीला दोन तारखा. या वेळी अडीच महिने लागले. तारीख आली की नवीन भानगड. एकतीस जुलैला निघून एक ऑगस्टला पोचली तर एकातून एकतीस कसे वजा करायचे? मग प्रत्येक महिन्याचे दिवस स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवले, वर्षाच्या सुरुवातीपासून तो कितवा दिवस आहे हे आधी काढलं, त्याला चौदाशे चाळीसनं गुणलं, मग तास, मग मिनिटं. फेब्रुवारीसाठी वेगळी ओळ. डिसेंबर ओलांडून जाणाऱ्या दोन बाया होत्या, त्यांच्यासाठी आणखी वेगळी. इंजिनिअर म्हणाला, एवढं करण्यापेक्षा हे दुसऱ्या भाषेत लिहू, तासाभराचं काम आहे. मी नको म्हटलं. मला आता ते दुसऱ्याकडून करून घ्यायचं नव्हतं.

ती श्रावणातली ओळ टाइप करायला घेतली तेव्हा वहीत पोचल्याची वेळ खोडून वर लिहिलेली दिसली. सतराचे अठरा केलेत की अठराचे सतरा, कळेना. पहिल्यांदा मी त्यातलं मला सोपं वाटलं ते घेतलं होतं. खरं तर एका तासानं आता काय बिघडणार होतं? पण मी एका रविवारी हिंगणीची एसटी धरली. तिथून नर्स सोबत आली, पुढं आम्ही चालत गेलो. नाला वाटेतच लागला. हिवाळा लागला होता, घोट्याएवढं पाणी, तळाचे गोटे दिसत होते. दोन म्हशी पाण्यात बसल्या होत्या. मी चपला हातात घेऊन पलीकडं गेलो. मोजलं नाही, पण एक मिनिटही लागलं नसेल.

ती बाई घरीच होती. वीस-बावीसची असेल. अंगणात मोहाच्या झाडाखाली सुपात तूर पाखडत होती. नर्सला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन पाणी आणलं. नर्सनं मला कोण, काय ते सांगितलं, की हे बाबू ऑफिसातले, तुझ्या त्या टाइमचं लिहून राह्यले. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर उठून आत जाईल. तसं काही झालं नाही. मी विचारलं, दवाखान्यात पोचलात तेव्हा किती वाजले होते, काही आठवतं का. तिनं नर्सकडं पाहिलं.

"टाइम मले समजत नाई," ती म्हणाली. "बाज उचलणाऱ्यातल्या एकाचा हात सुजला होता. तो खांदा बदलत नव्हता. मी त्याले म्हणून राह्यली, मले खाली ठेव. त्यानं ठेवलं नाई."

तो माणूस कोण, हे मी विचारलं. तिच्या नवऱ्याचा चुलता. हात पुढं महिनाभर सुजलेला होता. हे कुठल्याच वहीत नव्हतं आणि माझ्या फायलीत त्यासाठी रकानाही नव्हता. वेळ शेवटी नर्सनंच सांगितली. दवाखान्याच्या दाराशी पोचले तेव्हा तिथली पाचला येणारी संध्याकाळची नर्स कामावर येऊन थोडाच वेळ झाला होता, म्हणजे सतरा वीसच बरोबर. निघताना त्या बाईनं आम्हाला भाकर खाऊन जा म्हटलं. आम्ही खाल्ली, सोबत आंबाडीची भाजी. परतीच्या एसटीत मी हिंगणीपासून वर्ध्यापर्यंत झोपलो.

नवे कागद छापून झाले तेव्हा त्या ओळीपुढं पंधराशे तीस मिनिटं आली. अशा आणखी चार निघाल्या, सगळ्या पावसाळ्यातल्या, सगळ्या नाल्यापलीकडच्या. एकेक दिवस गाळून मी त्यांना तास-दोन तासांत पोचवलं होतं. मॅडमनी त्या पाच ओळी वाचल्या आणि मिनिटांऐवजी तासांत लिहून मागितल्या. वरच्या ऑफिसाला मिनिटं समजणार नाहीत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या यादीवरून मीही त्यांना पत्र धाडलंय. चूक एकट्याची नाही."

वरून उत्तर आलं ते असं, की आधीच्या अहवालापेक्षा या अहवालात वेळ वाढलेला दिसतो, याचा खुलासा करावा. मॅडमनी खुलासा केला. तो मीच टाइप केला, म्हणून मला माहीत आहे. त्यात त्यांनी माझं नाव कुठं येऊ दिलं नाही, "नोंदीतील त्रुटी" एवढंच लिहिलं. त्या पाच नाल्यांची यादी जोडली आणि प्रत्येकावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधावा अशी मागणी केली. त्यावर काही उत्तर आलं असेल तर ते माझ्या टेबलावर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. नेहमीची बदली होती, शिक्षा वगैरे काही नव्हती. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून यावं लागतं हेच आवडलं नाही, आणि ते फारसे आले नाहीत.

त्या नाल्यावर रपटा झाला, पण बऱ्याच वर्षांनी, आणि धरणाच्या कुठल्याशा कामात. आमच्या यादीमुळं झाला असं मला कोणी सांगितलं नाही आणि मीही तसं समजत नाही. नर्स त्याआधीच रिटायर होऊन मुलीकडं आर्वीला गेली. एकदा बाजारात भेटली, गुडघे दुखतात म्हणाली, आणि आम्ही गुडघ्यांबद्दलच बोललो.

मी त्या खोलीतून बाहेर पडायचा अर्ज केला होता. डोळ्यांचा नंबर दोनदा वाढला होता, डोकं रोज ठणकायचं. अर्जाचं उत्तर आलं नाही. मी तिथंच राहिलो. ती स्क्रिप्ट काही महिने चालवली. केंद्रांकडून वह्या यायच्या कमी झाल्या, मग बंद झाल्या. कधी नवीन पोरं टाइपिंग शिकायला आली की मी त्यांना सांगायचो, तारीख टाका. का, असं ते विचारायचे. सगळं सांगण्याइतका उत्साह नसायचा, म्हणून मी म्हणायचो, नियम आहे.